फोटोपुरता काढलेला चष्मा

"मावशी, तेवढा चष्मा काढा ना. फोटोत नॅचरल वाटत नाही."

मातीचं घर बांधायला निघालेले एक गृहस्थ आमच्या भट्टीवर चुना बघायला आले होते. त्यांना सिमेंट नको, सगळं निसर्गातलं हवं. माझी आत्या चुना विझवत होती. भाजलेल्या चुनखडीवर पाणी पडलं की ती खदखदते, आणि उडालेला एक थेंब डोळा घेऊन जातो. माझ्या आजीचा घेतला. म्हणून आत्याने हा जाड चष्मा घालावा यासाठी मी तिच्याशी किती भांडले आहे!

आणि त्या माणसाच्या एका शब्दावर तिने तो कपाळावर चढवलाही. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

माझं डोकं फिरलं. घरातली पहिली पदवीधर मी, पण भट्टीची लाज मला कधी वाटली नाही. राग येतो तो या लोकांच्या मायेचा. मातीची माया, चुन्याची माया, जुन्या पद्धतीची माया. त्या पद्धतीत चुन्याबरोबर माणसंही भाजायची, हे कुणाला आठवायचं नसतं. सगळं निसर्गातलं हवं, मग आत्याचे डोळे काय कारखान्यात बनलेत?

"आत्या, चष्मा घाल आधी!" मी ओरडले. "आणि साहेब, फोटो चष्म्यासकट काढा, नाहीतर चुना दुसरीकडे बघा."

साहेब हसले. "अहो ताई, एका मिनिटाचा तर प्रश्न आहे."

आत्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाण्याची बादली त्यांच्यापुढे धरली.

"मग येवढं एक मिनिट तुम्हीच वता की, दादा. फोटो मी काढते."