फोटो क्लिअर आहे, डॉक्टर

गुडघ्यांवर काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लग्नात मी पंगतीला बसले तरी शेजारचे काका पँट वर ओढून "अक्का, जरा बघता का" म्हणतात. आमच्या हुबळी-धारवाडात गुडघे दुखणारे पुष्कळ, पण त्यांना उपचार सांगणारे त्याहून जास्त. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवनगरात हाडांच्या एका डॉक्टरांकडे बारा वर्षं काढली. केसपेपरवर फक्त दुखणं लिहितात, बाकीचं सगळं माझ्या डोक्यात साचत राहतं.

त्यातलं निम्मं हणमंत मास्तरांनी भरलंय. ते नवनगरच्या मैदानावर मुलामुलींना कबड्डी शिकवतात. शिट्टी, पांढरे बूट आणि वैद्यकीय ज्ञान या तीन गोष्टींशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. माणूस मनानं सोन्यासारखा, पोरांसाठी जीव टाकणारा. आपल्या हाताखालची एक तरी पोरगी सरकारी टीममध्ये खेळून नोकरीला लागावी, एवढंच त्यांचं मागणं. गेल्या वर्षी ते रेणुकाच्या हातून पुरं होणार होतं. रेणुका अळणावरकडची, आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे, ही इथं हॉस्टेलवर. ती रेडला आली की समोरच्या पोरी आपोआप दोन पावलं मागे सरकायच्या. तिची ट्रायल जवळ येत होती आणि मास्तर हवेत होते.

*

एका रविवारी मॅचला मास्तरांनी मला "असू दे एक मेडिकल माणूस" म्हणून बोलावलं. कॉर्नरला खेळणारा शिवू पाय मुरगळून पडला. मी बॅग उचलून धावले, पण मी पोचेपर्यंत दोघं त्याचा पाय एकीकडे ओढत होते आणि दोघं दुसरीकडे. मास्तर थंड स्प्रे मारत होते, तोही ट्रॅकपँटवर.

"मास्तर, पँटवर मारताय."

"आत झिरपतंय की."

मग त्यांची खास टेस्ट सुरू झाली. पडलेल्या खेळाडूनं सगळ्या मैदानासमोर जागच्या जागी तीन उड्या मारायच्या. मारल्या तर फिट. मी मध्ये उभी राहून नको नको म्हणतेय, पब्लिक टाळ्या वाजवतंय. शिवूनं दोन मारल्या आणि तिसरीला मटकन खाली बसला.

मास्तर माझ्याकडे वळले. "तीनात दोन म्हणजे फर्स्टक्लास आहे," म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मास्तर शिवूला घेऊन दवाखान्यात आले. आमचे डॉक्टर मशीनवर कमी आणि विचारण्यावर जास्त भरवसा ठेवणारे. गुडघा कसा वळला, आवाज आला का, सूज कधी आली, हे नीट कळलं की अर्धं निदान तिथंच होतं, असं ते म्हणतात. त्यांनी शिवूला विचारलं, "कसा पडलास?"

उत्तर मास्तरांनी दिलं, तेही हातापायांनी. कबड्डी-कबड्डी म्हणत आले, वळले आणि स्टुलासकट पाण्याची बाटली पाडली.

डॉक्टरांनी विचारलं, "ह्यात तुम्ही कोण?"

"मी रेडर."

"मग आता पेशंटला बोलू द्या. शिवू, सूज किती वेळानं आली?"

हा प्रश्न फार मोलाचा. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर बहुतेक आत रक्त साचलेलं असतं, म्हणजे काहीतरी मोठं तुटलेलं असू शकतं. दुसऱ्या दिवशी हळूहळू फुगला तर बऱ्याचदा प्रकरण हलकं निघतं. शिवू म्हणाला, "माहीत नाही डॉक्टर. मास्तरांनी मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टी गुंडाळलेली, ती आत्ता बाहेर बाकावर सोडली."

"रात्रभर सोडली नाहीस?"

"सूज बघून घाबरशील, म्हणाले."

*

डॉक्टर नेहमी आधी चांगला गुडघा तपासतात. माणसामाणसाचे सांधे कमीजास्त सैल असतात, तुलना करायला तो लागतोच. पण मास्तरांना ते बघवेना. "डॉक्टर, तो नव्हे, दुसरा." डॉक्टर मान हलवून आपलं काम चालू ठेवायचे.

पुढच्या खेपेला मास्तर तयारीनं आले. शिवूच्या दुखऱ्या गुडघ्यावर मार्करनं मोठा बाण काढलेला, कानडीत एकदा आणि मराठीत एकदा "हा" लिहिलेलं. डॉक्टरांनी ते सगळं वाचलं आणि सवयीनं आधी दुसरा गुडघा हातात घेतला.

मास्तर बाहेर येऊन माझ्या कानाशी लागले. "अक्का, माणूस चांगला आहे, पण चष्म्याचा नंबर वाढलाय. तुम्ही सांगून बघा."

*

आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. फोटो क्लिअर आला की खेळाडू दुसऱ्या दिवशी मैदानावर. गोकुळ रोडवरच्या कारखान्यांतले क्रिकेटवालेही तेच करतात, पण मास्तर तो फोटो उन्हात धरून सगळ्या टीमला दाखवतात आणि वर "एनू आगिल्ल" म्हणजे काही झालेलं नाही, असं जाहीर करतात.

डॉक्टरांनी बापड्यांनी किती वेळा सांगितलं, की फोटोत हाड दिसतं, हाडांना बांधून ठेवणारे दोर दिसत नाहीत. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमच्या घराचा बाहेरून फोटो काढला तर आतलं भांडण दिसेल का?"

मास्तरांनी विचार केला. "दिसणार नाही. पण शेजाऱ्यांना ऐकू जाईल."

"बरोबर. शिवूला पडताना टक् असा आवाज ऐकू आला होता. ते तुम्ही मला आज, आठ दिवसांनी सांगताय."

*

पुढं शिवूचा एमआरआय झाला. दोर पुरता तुटला नव्हता, थोडक्यात वाचला. पण त्याआधी बर्फाचं प्रकरण झालं, ते सांगायलाच हवं.

मी बजावलं होतं, पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ, पाय उंच, चोळाचोळ नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर गुडघा नारिंगी. डॉक्टरांचा चेहरा उतरला. असलं काही त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे काय?"

शिवू म्हणाला, "ऑरेंज. दुकानात साधा बर्फ संपलेला, म्हणून आइसकँडी बांधली."

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. गार लागलं म्हणून आजीनं कोंड्याचा शेक दिला, आणि तालमीतले उस्ताद आपणहून घरी आले म्हणून तेल लावून चोळूनही घेतलं. मी विचारलं, "अरे, मी नको म्हटलं होतं ना?"

मास्तर मध्ये पडले. "तुमचाही बर्फ लावलाय की अक्का. कशाला कुणाला नाराज करायचं?"

*

आता रेणुकाचं सांगते.

ट्रायलला तीन आठवडे राहिलेले. सरावात हात धरून उभ्या पोरींच्या साखळीवरून उडी मारून ती एका पायावर उतरली आणि गुडघा आत वळला. आवाज तिनं स्वतः ऐकला. हॉस्टेलवर पोचेपर्यंत गुडघा फुगला होता, पाय टेकला की सुटल्यासारखा होत होता. ही पोर शहाणी. ना तेल, ना शेक, मास्तरांना घेऊन सरळ आमच्याकडे आली. डॉक्टरांनी गुडघा हातात घेतला तर खालचं हाड ड्रॉवरसारखं पुढं सरकलं. त्याआधी चांगला पाय बघितला, तेव्हा मास्तरांनी "तो नव्हे, दुसरा" म्हटलं नाही.

एमआरआयमध्ये मधला दोर पूर्ण तुटलेला. दोन हाडांमधली गादी मात्र शाबूत होती.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. सूज उतरली की ऑपरेशन, मग निदान नऊ महिने व्यायाम, मग मैदान. आत्ता खेळली तर गुडघा पुन्हा सटकेल, गादी फाटेल आणि तो गुडघा जन्माचा जाईल.

अळणावरहून तिचे अप्पा आले होते. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभेच राहिले. पुढच्या वर्षी ट्रायल होईल का, झाली तर हिला बोलावतील का, कुणीच सांगू शकत नव्हतं. नको खेळू म्हणणं मला सोपं होतं, माझं पोट तिच्या गुडघ्यावर नव्हतं. मला तिची दया येत होती आणि सगळ्यांचाच राग येत होता.

मास्तर म्हणाले, "डॉक्टर, ट्रायलला जेमतेम दहा मिनिटं खेळवतात. मी घट्ट बांधतो, एक पेनकिलर देऊ. नाव लागलं की मग करा तुमचं ऑपरेशन."

"मी तसं लिहून देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

अप्पांना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी मास्तरांकडे बघून हात जोडले. "नीव हेळ्दंग, मास्तर." तुम्ही म्हणाल तसं.

झालं. आता सगळं मास्तरांच्या जिभेवर आलं. त्यांनाही चेव चढला.

"मी उगाच बोलत नाही, अप्पा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझा हाच गुडघा असाच गेला होता. फायनलच्या आदल्या दिवशी. उस्तादांनी तेल लावून आवळून बांधला आणि मी खेळलो. एकट्यानं नऊ पॉइंट आणले. लोकांनी खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं मला."

रेणुका टेबलावर पाय लांब करून बसली होती. तिनं मान वर केली.

"मग पुढची मॅच कशी झाली, सर?"

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. अप्पा त्यांच्याकडेच बघत होते. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पुढची कुठली," मास्तर म्हणाले. "त्यानंतर मी मास्तर झालो."