दुपारची सुनंदा

टॉवेलच्या कारखान्यात मावशीला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे तिला ‘दुपारची सुनंदा’ म्हणत. सकाळची सुनंदा म्हणजे माझी आई. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आई मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायची, सुट्टीनंतर त्याच स्टुलावर मावशी बसायची, आणि हजेरीत दिवसभर एकच बाई दिसायची, माझी आई.

ही युक्ती मावशीचीच. माझा धाकटा भाऊ सूरज लहानपणापासून मूत्रपिंडाच्या दुखण्यानं आजारी. त्याची औषधं, तपासण्या, मधूनच भरती करावं लागे ते, सगळं आईच्या नोकरीमुळं विम्याच्या दवाखान्यात व्हायचं. त्याच्याच दुखण्यापायी आईला नोकरी सोडावी लागली आणि दवाखानाही सुटायची पाळी आली. म्हणून ती परत काम मागायला गेली, पण वडील कायम ट्रकवर, घरी पोर आजारी. तिला अर्धा दिवसच जमत होता. मालक म्हणाला, अर्ध्या दिवसाची बाई मी हजेरीवर घेत नाही. हजेरी नाही तर विमा नाही. आई रडतच घरी आली.

शेजारच्या खोलीत मावशी राहायची. विधवा, पोरबाळ नाही, अंथरुणाला खिळलेली सासू. तिलाही अर्ध्याच दिवसाचं काम हवं होतं. ती म्हणाली, “दोघी मिळून एक बाई हुतीय की. नाव तुझं घाल.”

“आन तुझं?” आईनं विचारलं.

“माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? आमची म्हातारी तर डॉक्टर बघितला की तोंड फिरवती.”

पगार दोघी वाटून घेत, आणि जी घरी असेल ती सूरजला आणि सासूला बघे. मालक कधीतरीच फिरकायचा. मुकादमाला सगळं ठाऊक होतं, पण मशीन दिवसभर चाललं म्हणजे त्याला पुरे होतं.

मशीन रिकामं दिसता कामा नये, असा मावशीचा दंडक होता. आईनं उठताना टॉवेल अर्धाच शिवायचा आणि सुई त्यात रुतवून ठेवायची. मावशी येऊन तिथूनच पुढं सुरू करायची. “पुरा शिवून गेलीस तर बाई घरी गेली वाटतंय. अर्धा ठिवलास तर पाणी प्यायला गेली वाटतंय,” असं ती म्हणे. तिचा दुमडलेला कोपरा आईपेक्षा सुबक यायचा. ते कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून तिनं मुद्दाम आईसारखा जाडसर कोपरा दुमडायची सवय लावून घेतली. स्वतःच्या हाताचं वळण मोडणं किती अवघड असतं, हे मला आता शिवायला लागल्यावर कळतं.

संध्याकाळी ती आली की केसांतला कापूससुद्धा न झटकता आधी सूरजकडं जायची. त्याच्या घोट्याजवळ अंगठा दाबून बघायची, सुजेचा खड्डा पडतोय का. नाही पडला तर म्हणायची, “आज माझी दुपार कारणी लागली.” पडला तर तशीच सासूकडं वळायची. ती आली की सूरज स्वतःच पळत येऊन पाय पुढं करायचा.

छातीतली गाठ तिनं किती दिवस लपवली कुणास ठाऊक. सिव्हिलला जायचं तर रांगेत दिवस मोडतो, दुपार चुकते, आणि सारख्या दुपारी चुकल्या की आईची हजेरी तुटते. एवढाच विचार तिनं केला. अगं, आम्ही काहीतरी वाट काढली असती. आजही मी मनातल्या मनात तिच्यावर चिडते.

एके सकाळी तिला पाण्याची बादली उचलेना, तेव्हा आईला संशय आला. आईनं तिला आत नेऊन बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी काम बुडवून, स्वतःचं कार्ड घेऊन तिला विम्याच्या दवाखान्यात नेलं. रिक्षात मी दोघींच्या मध्ये बसले होते. आई तिला पढवत होती, “नाव विचारलं तर सुनंदा सांग. रोज त्याच नावावर बसतीस की.” मावशी मान हलवत होती. कार्डावरचा फोटो इतका पुसट होता की ती सहज खपून गेली असती.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, “नाव?”

“कमल,” मावशी म्हणाली.

आईनं तिचा दंड दाबला. त्या माणसानं कार्ड उलटसुलट बघितलं. “कार्ड तर सुनंदाबाईंचं आहे.”

“व्हय, हिचंच हाय. मी नुसती सोबतीला आले.” आणि कार्ड उचलून तिनं आईच्या हातात कोंबलं.

बाहेर आल्यावर आई तिला नाही नाही ते बोलली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सापडलो असतो तर कार्ड गेलं असतं. पोराला कुटं न्हेलं असतंस?” आई तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, फार उशीर झालाय. त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला लिहवत नाही. शेवटी ती माणसं ओळखेनाशी झाली होती, तरी सूरज जवळ आला की तिचा हात त्याच्या पायाकडं जायचा.

ती गेली, जलदानविधी झाला. सासूला मावशीच्या नणंदेनं आपल्या गावी, नातेपुत्याला नेलं. आई कामावर गेली तेव्हा मुकादमानं विचारलं, “दुपारचं कोण बसणार?” आई म्हणाली, “मीच.” शाळेतून येऊन सूरजला मी सांभाळू लागले. हजेरीत मावशीचं नाव कधी नव्हतंच, त्यामुळं कारखान्याच्या लेखी कुणी गेलंच नाही. आईचं नाव होतं तसंच राहिलं, आणि सूरज मोठा झाला.

आता तो कॉलेजला जातो. मावशीचा चेहरा त्याला आठवत नाही.