चपलांच्या स्टँडवरची वेबसाइट

आमच्या गल्लीतले चष्मेवाले दिवसभर लोकांना लांबचं दाखवतात आणि घरी जवळचंही बघत नाहीत, असं त्यांच्या बायकोचं मत आहे.

घरात चपलांच्या स्टँडवर पडदा फुटलेला एक लॅपटॉप अखंड चालू असतो. गल्लीतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना चष्मेवाल्यांनी करून दिलेली वेबसाइट त्यातच नांदते. परक्या कंपनीत जागा भाड्याने घेणं चष्मेवाल्यांना कमीपणाचं वाटतं. अडचण एकच. राउटर बंद होऊन चालू झाला की इंटरनेटवाले घराला नवा पत्ता देतात, आणि तो साइटच्या नावापुढे भरेपर्यंत ती कुणाला सापडत नाही. हे आपोआप करणारा प्रोग्राम फुकट मिळतो. पण "यंत्राच्या भरवशावर संसार होतो का?" म्हणत चष्मेवाले रोज सकाळी दात घासता घासता पत्ता स्वतः तपासतात. राउटरला हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही.

म्हणूनच बायकोने भांडणं सोडून दिलं होतं. फार झालं की ती राउटरचं बटण बंद करायची, निवांत चहा घ्यायची आणि पुन्हा चालू करायची.

डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता एकदा जरी साइट गेली, तर मी दुसरीकडे हललो." आणि चष्मेवाल्यांची गल्लीतली सगळी ऐट या एका गिऱ्हाइकावर उभी होती.

त्याच आठवड्यात बायकोला बहिणीकडे न्यायचं कबूल करून ते ऐनवेळी दुकानात सटकले. मागे बटण दाबलं गेलं.

दुपारी डॉक्टरांचा फोन. "अहो, माझ्या साइटवर कबुतरं आहेत!"

"प्राण्यांचेच डॉक्टर ना तुम्ही?"

"विकायला आहेत! जोडीने!"

चष्मेवाले घरी धावले. त्यांचा सुटलेला पत्ता कंपनीने नुकतीच वीज जाऊन आलेल्या दुसऱ्या एका घराला दिला होता, आणि ते घर निघालं मेहुण्याचं. भावजींचं बघून त्यानेही कबुतरांची साइट घरी फ्रिजवर बसवली होती. फक्त पत्ता भरायला तो फुकटातला प्रोग्राम ठेवला होता.

"आज गर्दी जोरात आहे, भावजी," तो फोनवर खुशीत म्हणाला. "पण सगळे कुत्र्याच्या जुलाबांबद्दल का विचारतायत?"

संध्याकाळी डॉक्टर दारात. "मी चाललो."

"थांबा," बायको म्हणाली. "बटण मी दाबलं. यापुढे पत्ताही मीच भरेन. यांचे दात घासून होईपर्यंत तुमचे पेशंट दगावतील."

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "वहिनी बघणार असतील, तर राहतो."

तेव्हापासून डॉक्टरांची तक्रार नाही. बटण अजून दाबलं जातं, पण लगेच चालूही होतं आणि चहा संपेपर्यंत नवा पत्ता भरलेला असतो. त्यामुळे चष्मेवाल्यांना आता चिडता येत नाही. बटण दाबलं गेलं की बायको का चिडली आहे, ते विचारावं लागतं.