काटेवाली

लोकांना वाटतं, फुटपाथवर वजनकाटा घेऊन बसायला काय मोठी अक्कल लागते? काटा जमिनीवर ठेवायचा, मागे मांडी घालून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने चढावं, आकडा बघावा, नाणं टाकावं आणि चालू पडावं. अहो, इतकं सोपं असतं तर बसस्टँडसमोरच्या त्या लांबलचक फुटपाथवर मोजे, लायटर, पाण्याच्या बाटल्या आणि कागदी रुमाल विकणारी ती सगळी परदेशी पोरं काटेच घेऊन बसली नसती का? पण काटेवाली एकच होती. वय अकरा, केस कानांमागे घट्ट ओढलेले, अंगात कुणीतरी दिलेला मोठ्या माणसाचा स्वेटर, आणि नजर अशी, की समोरचा माणूस वळणावर दिसला रे दिसला की हिने त्याला जोखलाच म्हणून समजा.

जोखायचं ते वजन नव्हे, मन. जाड माणसाला कमी हवं असतं, काटकुळ्याला जास्त. पहिल्या आठवड्यात ती प्रामाणिकपणे बसली होती. कोपऱ्यावरचा बेकरीवाला काट्यावर चढला, आकडा बघून लालबुंद झाला, काट्याला शिव्या घातल्या आणि पैसे न देता गेला. आता बोला! पाव खाल्ले याने आणि पैसे बुडाले हिचे. मग तिला काट्याच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूला, एक छोटं दातेरी चाक सापडलं. ते फिरवलं की रिकाम्या काट्याची सुई मागे-पुढे सरकते. झालं. तेव्हापासून गिऱ्हाईक येताना दिसलं की ती फडकं घेऊन काटा पुसायची. लोकांना त्या स्वच्छतेचं केवढं कौतुक! फडक्याखाली अंगठा काय करतोय ते कोण बघतो? बेकरीवाला आता रोज यायचा आणि वर कधी कालचा पावही द्यायचा.

तिचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मोफत दवाखान्यातली सिस्टर. आडवा बांधा, खणखणीत आवाज, आणि तोंड एकदा सुटलं की बस सुटली तरी थांबायचं नाही. दवाखान्यात चांगला महागातला काटा असताना ही बाई फुटपाथवर येऊन वजन करायची.

"आमचा काटा मेला माझ्या वाइटावर आहे," ती म्हणायची. "तुझा कसा गुणी! बघ, पुन्हा दोन किलोने उतरले. काय गं, जादू करतेस की काय?"

"नाही सिस्टर, तुम्ही चालता ना खूप, म्हणून."

"लबाड!" असं म्हणून सिस्टर तिच्या गालाला चिमटा काढायची आणि नाणं जास्तीचं टाकायची. खरं काय ते दोघींनाही ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

एवढ्यावर थांबतं तर ही गोष्ट हसून सोडून देता आली असती. पण काटा रात्री घरी जायचा.

घर म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळघरातली खोली, पाण्याच्या पंपाला लागून. पंप चालू झाला की भिंत थरथरायची आणि बोलणं ऐकू यायचं नाही. वर छताला टेकलेली वीतभर खिडकी, तिच्यातून फक्त चालणाऱ्यांचे पाय दिसायचे. खोलीत लसणाच्या गोण्या. आई दिवसभर लसूण सोलायची, कुठल्याशा हॉटेलवाल्यासाठी. बोटांची सालं निघाली होती, वासाचं तर विचारूच नका. आपल्या मुलखात राहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ही माणसं सीमा ओलांडून आली. बाप "मागून येतो" म्हणाला होता, त्याला दोन हिवाळे उलटून गेले. मुलीने इथली भाषा रस्त्यावर उचलली. आईला ती उचलता आली नाही. येणार कशी? लसणाच्या गोण्या काय बोलतात तिच्याशी? नळावर जायची आणि परत यायची, एवढाच तिचा परदेश. कुणी कागद मागेल, कुणी परत पाठवेल, या भीतीने ती रस्त्यावर पाऊल टाकायची नाही.

आणि धाकटा होता बारक्या. तीन वर्षांचा. नाव ठेवताना त्यात वाईट काही नव्हतं, पोर लहान म्हणून बारक्या. पण हिवाळ्यात त्याला तापाने आणि खोकल्याने धरलं, आणि तो नावाला जागायला लागला. मग आईने एक रीत पाडली. रात्री काटा आला की बारक्याला त्यावर उभं करायचं. सुई कुठे थांबते ते ती गुडघ्यांवर वाकून बघायची. आकडे तिला इथले वाचता येत नव्हते, पण सुई कालच्या रेघेच्या पुढे आहे की मागे, एवढं कुणालाही कळतं.

पहिल्या रात्रीची रेघ तिने लक्षात ठेवली, तर दुसऱ्या रात्री सुई मागे गेली. तिसऱ्या रात्रीही मागे.  आईने ताट पुढे घेतलं, तसंच बाजूला सरकवलं, आणि भिंतीकडे तोंड करून ती निजली. असे लागोपाठ चार दिवस गेले. मुलगी अंधारात पडून विचार करत राहिली. बारक्या खात नाही, म्हणून आई खात नाही. आई अशीच राहिली आणि आडवी झाली, तर या परक्या गावात दोघांना घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ? तिला एकच इलाज माहीत होता, आणि तो रोज हाताखालचा होता. पुढच्या रात्री बारक्याला उभं करण्याआधी तिने काटा फडक्याने पुसला.

"वाढला!" आई ओरडलीच. "अगं, बघ ना, रेघ ओलांडली!" आणि त्या रात्री आई जेवली. नुसती जेवली नाही, बोटं चाटून जेवली, आणि गावाकडची एक जुनी गंमत सांगून स्वतःच हसत सुटली. मुलीचा जीव भांड्यात पडला. चूक होती का? होती की. पण तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ते आधी सांगा.

खोट्याची एक खोड असते, त्याला रोज खायला घालावं लागतं. आज एक केस पुढे, परवा आणखी एक. बारक्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या आणि सुई आपली पुढेच. कडेवर घेतल्यावर आईला तो हलका लागायचा. मग ती स्वतःचीच समजूत घालायची, माझ्याच हातात बळ आलं असेल, जेवतेय ना मी आता! मुलीने डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणायची, वाढत्या पोराला डॉक्टर कशाला? मुलगी मात्र आतून पोखरली जात होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता महिने गेले. रात्री बारक्या खोकला की ती कानांवर हात ठेवायची.

एकदा गोण्यांनी खोली इतकी भरली की बारक्याला पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ती त्याला बरोबर घेऊन बसली. तो तिच्या पाठीला टेकून झोपला. सिस्टर आली, काट्यावर चढली, खूश होऊन उतरली, आणि तिची नजर मागे गेली.

"हा कोण?"

"माझा भाऊ."

सिस्टरने त्याला उचललं मात्र, आणि तिचं हसू मावळलं. दंड चाचपला, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली. मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "आईला घेऊन दवाखान्यात ये. उद्या सकाळी. कागदबिगद कुणी विचारत नाही तिथे. आली नाहीस तर मी तुझ्या घरी येईन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे."

तिने घरी सांगितलं, तेव्हा वाटलं होतं आई घाबरेल, नको म्हणेल. पण आई ताठ झाली. "माझ्या पोराला वाळलेला म्हणते? महिनोन्महिने वाढतोय तो! चल, दाखवतेच तिला. आणि काटा घे बरोबर, तिथूनच तुला कामावर जाता येईल." सकाळी तिने पेटीच्या तळाशी ठेवलेला चांगला कोट काढला, हात लिंबाच्या सालीने घासले, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठा रस्ता ओलांडला. बारक्या कडेवर, काटा मुलीच्या काखेत. 

दवाखान्यातल्या काट्याला सुई नव्हती. बारक्याला वर उभं केलं, लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "सांग आईला. तीन वर्षांच्या मुलाचं हे वजन नव्हे. याला इथे ठेवून घ्यावं लागेल, छाती तपासायची आहे. आणखी उशीर केला तर मी जबाबदार नाही."

"काय म्हणते?" आईने विचारलं.

आईला भाषा येत नव्हती, सिस्टरला आईची येत नव्हती. मधे हीच. आणि सवय कुठे जाते? "म्हणते, वजन ठीक आहे," ती म्हणाली.

"बघ! मी काय म्हणत होते?" आईने बारक्याला उचललं, कोट सारखा केला आणि दाराकडे निघाली.

"अगं, कुठे निघाली ही?" सिस्टर ओरडली. "सांगितलंस का तिला?" मुलगी मान खाली घालून उभी. सिस्टरने वाट अडवली, बारक्याचा दंड आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरला, आणि मधे उरलेली जागा आईच्या डोळ्यांसमोर नेली. त्याला काय भाषा लागते? आईचा चेहरा उतरला.

"खरं सांग. काय म्हणते ती?"

"हलका आहे म्हणते. खूप हलका."

"मग तिचा काटा बिघडलाय!" आईचा आवाज चढला. "सांग तिला. माझी मुलगी रोज अख्ख्या रस्त्याचं वजन करते म्हणावं. लोक विश्वासाने येतात तिच्याकडे. माझी मुलगी आणि तिचा काटा कधी चुकत नाही. सांग, शब्दन्‌ शब्द सांग!"

मुलीने शब्दन्‌ शब्द सांगितला.  सिस्टर ऐकत राहिली. इतक्या दिवसांचे ते गुणी किलो तिलाही आठवले असणार. तिने नजर दुसरीकडे वळवली.

"ठेव तुझा काटा खाली," आई म्हणाली. "तिच्यासमोर कर बारक्याचं वजन."

काटा फरशीवर ठेवला. बारक्या बाजूला उभा राहून वाट बघत होता, त्याला हा खेळच वाटायचा. मुलीने फडकं काढलं. आई बघत होती, तिला वाटलं नेहमीसारखी पुसेल. ती पुसणार होतीही. हात काट्यापर्यंत गेला. मग बारक्याला खोकल्याची उबळ आली, तो वाकला, आणि त्याच्या मानेची हाडं दिसली. तिने फडकं बाजूला टाकलं. उघड्या अंगठ्याने, सगळ्यांसमोर, तिने ते चाक फिरवलं आणि रिकाम्या काट्याची सुई शून्यावर आणून ठेवली.

"चढ, बारक्या," ती म्हणाली.

सुई थोडीशीच हलली आणि थांबली. घरच्या रेघेच्या कितीतरी मागे. आईने सुईकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग मुलीच्या अंगठ्याकडे. हात उगारला तिने. सिस्टर मधे पडायला पुढे सरकली. पण हात वरच राहिला.

"कधीपासून?"

"तू जेवत नव्हतीस, आई." आणि मग तिला रडू आवरेना. "तू जेवतच नव्हतीस..."

आई मटकन खाली बसली. "मी जेवले," ती म्हणाली. "याच्या वाटचं हसत हसत जेवले मी." आणि तीही रडली, बारक्याला छातीशी धरून, चांगल्या कोटाच्या बाहीने डोळे पुसत. सिस्टरला शब्द कळले नाहीत, पण तिने दार लावून घेतलं आणि बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं.

थोड्या वेळाने आई उठली. मुलीच्या दंडाला धरून तिला त्या लाल आकड्यांच्या काट्यावर उभं केलं. "मी कशाला? मला काही झालं नाही," मुलगी म्हणाली.

"ते तू मला सांगू नकोस." आईने सिस्टरसमोर आपली दहा बोटं उघडून धरली आणि भुवयांनी विचारलं, किती? सिस्टरने बोटांवर दाखवलं. मग मान हलवली, ही पण कमीच. दोघींनी मुलीला मधे न घेता आपसात बोलून घेतलं. स्वेटराच्या आत ती एवढीशीच होती.

ठरलं असं, की बारक्याला ठेवून घ्यायचं, आणि भाषा येणारं कुणीतरी जवळ हवं म्हणून मुलीनेही तिथेच राहायचं. दोघांना दोन्ही वेळ जेवण मिळेल, सिस्टर म्हणाली. मुलीने ते आईला सांगितलं, आणि आईने ते खरं आहे ना म्हणून सिस्टरकडे बघून घेतलं.

"मग काट्याचं काय?" मुलीने विचारलं. "जागा कुणीतरी धरेल."

"मी बसते."

"तू? तुला एक शब्द येत नाही इथला. रस्त्याला घाबरतेस."

"घाबरते तर घाबरते. आले ना इथवर?" आईने काटा जवळ ओढला, उलटा केला आणि फरशीवर उकिडवी बसली. "ते चाक कुठल्या बाजूला फिरवायचं ते दाखव."

मुलगी बघतच राहिली.

"अशी काय बघतेस? खोलीचं भाडं काय खऱ्या आकड्यावर निघणार आहे? दाखव."

मुलीने डोळे पुसले आणि शेजारी बसली. "जाड माणूस आला, तर इकडे. बारीक आला, तर इकडे. आणि वर फडकं ठेवायचं."

आईने दोन्हीकडे फिरवून बघितलं. लसणाने सोललेला तिचा अंगठा चाकाच्या दात्यांवर चुरचुरला.

"आणि तुम्ही दोघं आलात तर?"

मुलीने बाजूला पडलेलं फडकं उचलून आईच्या मांडीवर ठेवलं.

"तर हात लावायचा नाही," आई म्हणाली.