उपाशी पोटी लूप

विमान उलटं झालं की पहिली भीती मरणाची वाटत नाही, सीटखालून काय पडेल याची वाटते. निदान मला तरी वाटायची. एखादी पिन, कुणाच्या तरी खिशातली सुपारी, चपलेची माती, असलं काहीबाही तरंगत डोक्याकडे यायचं. मग पट्टे खांद्यात रुतायचे आणि खरी भीती यायची, पोटातून वर, सावकाश. ती मी कधी कुणाला सांगितली नाही. पांढुर्ण्यात माझी ख्याती कुणाला न भिणारी बाई अशी होती, आणि खोटं कशाला बोलू, ती मला आवडायची.

आमचं कापसाचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी. बाबा गेल्यावर ते मी चालवायला घेतलं. दलालांशी, ड्रायव्हरांशी, वीज खात्याशी भांडून भांडून माझा आवाज तेव्हाच चढलेला होता. उडायला शिकले ते चाळिशीच्या तोंडावर. सौसरजवळच्या हवाईपट्टीवर हौशी लोकांचा एक लहानसा क्लब होता. आधी सरळ उडायला शिकले, मग सरळ उडण्याचा कंटाळा आला म्हणून कसरती शिकायला लागले. लूप म्हणजे विमानाने हवेत उभा गोल मारायचा, रोल म्हणजे कुशीवरून पालथं होऊन पुन्हा सरळ व्हायचं. या सगळ्याचा ठरलेला क्रम आधी जमिनीवर पाठ करतात. डोळे मिटून चालायचं, तळहाताचं विमान करायचं आणि वळणं घ्यायची. जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाभोवती मी हे करत असे तेव्हा कामावरच्या बायका काम थांबवून बघत. एकीने दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं, "मॅडमच्या अंगात येऊन राहिलं."

त्या वर्षी हौशी वैमानिकांच्या कसरतींची राष्ट्रीय स्पर्धा आमच्याच हवाईपट्टीवर भरायची ठरली. आमच्यावरचं आकाश रिकामं असतं, एवढंच त्याचं कारण. मी सगळ्यात खालच्या गटात नाव दिलं आणि ती बातमी आईला किराणा दुकानात कळली.

आईबद्दल सांगायचं तर आधी नदीबद्दल सांगायला हवं. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही गावचे पुरुष दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. ती आमची गोटमार. आईचं माहेर सावरगावचं. म्हणजे त्या दिवशी तिचे भाऊ त्या काठावर आणि नवरा या काठावर. दगड कुणाचाही असो, लागला तर तिच्याच माणसाला लागणार. ती सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. संध्याकाळी बाबा घरी यायचे, पलीकडून मामांचा निरोप यायचा, मग ती पेला तोंडाला लावायची. बाबांचं वय झालं आणि माझा भाऊ नदीवर जायला लागला, तेव्हा तोच उपास त्याच्यासाठी सुरू झाला. घरात मला कुणी उपासाच्या लायकीच्या धोक्यात पाहिलंच नव्हतं.

स्पर्धेच्या काही दिवस आधी सरावात मला पहिल्यांदा अंधारी आली. लूपच्या शेवटी विमानाचं नाक जमिनीकडून वर ओढावं लागतं, तेव्हा आपलंच वजन चौपट होऊन अंगावर बसतं. गाल लोंबतात, हात उचलत नाही आणि रक्त डोक्यातून पायांकडे उतरतं. त्या दिवशी आधी रंग गेले. संत्र्याच्या बागा राखाडी झाल्या, मग कडेकडेने काळोख आत सरकला आणि लगेच मागे हटला. आमचे सर, म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले आमचे प्रशिक्षक, यांना मी खाली आल्यावर सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. मांड्या आणि पोट आवळून धरायचं, पोटभर खाऊन यायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि उपाशी आलीस तर आल्या पावली घरी पाठवीन, असं बजावलं.

तेव्हापासून मला जिन्यावरूनही खाली बघवेना. हिशेब करताना मध्येच तळहात ओले व्हायचे. नाव मागे घ्यावं असं रोज वाटायचं. पण गाव ओळीने येऊन पाठ थोपटून जात होतं आणि मी दात दाखवत होते.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आई अंगणात वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या मी उपास धरतो."

"काहाचा?"

"तुह्या इमानाचा."

आजवर सगळ्यांसाठी उपाशी राहिलेली ही बाई पहिल्यांदा माझ्यासाठी राहणार होती. त्या भरात मी म्हणून गेले, "मंग मी बी धरतो." ती गोड हसली. सरांचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण भीतीची एक गंमत आहे, ती माणसाला सौदा करायला लावते. मी जेवले आणि काही झालं, तर उपास मोडल्यामुळे झालं असं वाटेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. भौतिकशास्त्र शिकलेली बाई मी, पण रात्रीही जेवले नाही.

सकाळी धुकं होतं. उड्डाणं पुढे ढकलत ढकलत ऊन डोक्यावर आलं. लोधीखेड्याहून, मोहगावहून माणसं आली होती. भज्यांच्या कढया लागल्या होत्या, आमच्या जिनिंगची मंडळी ट्रॅक्टर भरून आली होती. आई लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत डोक्यावर पदर घेऊन बसलेली. कुणी चहा आणला, कुणी पाणी आणलं, तिने मानेनेच नाही म्हटलं. माझी जीभ टाळूला चिकटली होती.

सर विमानाजवळ आले. "नाश्ता किया?"

"हो गया, सर."

"पानी?"

"हो गया."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पट्टे आवळले.

वर गेल्यावर मी सगळा क्रम तळहातावर एकदा फिरवून पाहिला. कसरत सुरू करताना वैमानिक पंख तीनदा डोलवतो, म्हणजे परीक्षकांनी समजावं की आता सुरुवात. मध्येच सोडायचं असेल तरी तसेच डोलवायचे. मी पंख डोलवले, नाक खाली करून वेग घेतला आणि ओढलं. लूप वर चढला. माथ्यावर सगळं क्षणभर हलकं झालं. डोक्यावर जमीन, पायाखाली आकाश. मग नाक सरळ खाली आलं, समोर फक्त जमीन उरली, आणि ती मोठी व्हायला लागली. मी पुन्हा ओढलं.

या वेळी काळोखाने रंग जाण्याची वाट पाहिली नाही. दिवा घालवावा तसं सगळं गेलं. डोळे सताड उघडे होते, आणि समोर काही नाही. इंजिन मात्र ऐकू येत होतं, स्वच्छ, नेहमीपेक्षा मोठं. मी आंधळी आहे, जमीन येते आहे आणि मला ती दिसत नाही, एवढं मला नीट कळत होतं. सोडलं तर दिसेल, पण सोडलं तर विमान आणखी खाली जाईल. ओढत राहिले तर शुद्ध जाईल. मनात देव आला नाही. ताटातली भाकर आली, जी मी आदल्या रात्री बाजूला सारली होती. मी हात सैल केला.

कडेने उजेड आत आला. पहिल्यांदा दिसल्या त्या संत्र्याच्या बागेतल्या ओळी, इतक्या जवळ की झाडांखालची आळीसुद्धा दिसली. मी मांड्या आवळल्या, ओरडले, आणि हळूच, काचेचं भांडं उचलावं तसं विमान वर घेतलं. ते सरळ झाल्यावर पंख तीनदा डोलवले. कसरत सोडल्याची ती खूण. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्यांना वाटलं मी त्यांनाच हात करते आहे.

उतरल्यावर मला पट्टे सोडता येईनात. सरांनी सोडले. त्यांनी काही विचारायच्या आत मीच सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कल दूसरा राउंड है," ते म्हणाले, "मेरे सामने खाओगी तो उड़ोगी, वरना नहीं."

बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी आई उभी होती. मला पाहिलं आणि तिने लगेच पेला तोंडाला लावला, गटागटा, हनुवटीवरून पाणी ओघळत. मग माझा चेहरा कुरवाळून म्हणाली, "उपास पावला व माय. उद्या बी धरू, दोघी बी." आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या.

घरी येईपर्यंत मला उद्याच्या विमानाची नव्हे, आईची भीती वाटत होती. सांगितलं तर तिच्या हातातलं एकमेव हत्यार मी काढून घेणार. जन्मभर नदीकाठी तिने दुसरं काय केलं होतं? आणि नाही सांगितलं तर उद्या पुन्हा तोच अंधार. चुलीपाशी बसून मी शेवटी बोलले. आई, मला वर दिसेनासं झालं होतं. पोटात काही नव्हतं म्हणून झालं. उपासानंच झालं.

तिने ऐकलं. हातातली पळी खाली ठेवली. मग उठून आत गेली आणि दिवा मालवून निजली. मी जागीच होते. आपण तिला नको तिथे मारलं, असं मला वाटत राहिलं.

सकाळी स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज आला. ताटात भाकर, झुणका, वर तुपाची धार, बाजूला पाण्याचा तांब्या. आई समोर बसली.

"तुहे बाबा नदीवर जायच्या आधी दोन भाकरी जास्त खात," ती म्हणाली. "मीच वाढत होतो. ते कधीच उपाशी नाई गेले. तू बी उपास धरतो म्हणली, अन् मले इतकं बरं वाटलं का मी ते इसरूनच गेलो."

मी घास घेतला.

"वर भेव लागते का तुले?"

आजवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "लय लागते, आई," मी म्हणाले, आणि ताटावरच रडायला लागले.

"मंग हे अर्धी अजून घे," म्हणत तिने भाकर वाढली. माझा शेवटचा घास संपेपर्यंत ती हलली नाही. आता तू खा म्हणून मी तिच्यासमोर ताट सरकवलं तर तिने ते उचलून मोरीत नेलं. "तू खाल्लं, झालं. मी तू उतरल्यावर खातो."

हवाईपट्टीवर जाताना मी सरांची खात्री पटावी म्हणून आणखी एक भाकर फडक्यात बांधून नेली आणि त्यांच्यासमोर तीही खाल्ली. त्या दिवशी मी सगळा क्रम पुरा केला. वाकडातिकडा, भीत भीत, मांड्या दुखेपर्यंत आवळून. रंग गेले नाहीत. गुणांच्या यादीत माझं नाव खालून शोधलं तर लवकर सापडायचं.

विमान थांबलं तेव्हा आई लिंबाखाली नव्हती. दोरी ओलांडून ती पट्टीच्या कडेला आली होती. कुणीतरी तिला मागे ओढत होतं, आणि तिच्या हातात पाण्याने भरलेला पेला होता. ऊन चढलं होतं, ओठ सुकून पांढरे पडले होते, पण पेला अजून काठोकाठ होता. मी खाली उतरले, तिच्याजवळ गेले. तिने एका हाताने माझं मनगट घट्ट धरलं, आणि मग पाणी प्यायली.