गच्चीवरची जास्तीची वायर

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वायरींचं नुसतं जंजाळ आहे. इंटरनेटच्या तीन-चार कंपन्यांच्या, केबलवाल्याच्या, आणि गाशा गुंडाळून गेलेल्या कंपन्यांच्याही, कारण त्या काढायला कुणी आलंच नाही. पाण्याच्या टाक्यांना वेढे घालत, डिशच्या पायांना अडकत त्या शेजारच्या इमारतीवर जातात आणि तिथून पुढे कुठेतरी. त्यांतल्या एकाही वायरीसाठी कुणी परवानगी मागितल्याचं मला आठवत नाही, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. परवानगी आमच्याकडे एकदाच मागितली गेली. ती आम्ही नाकारली.

मागणाऱ्या बाई माझ्याच ऑफिसातून निवृत्त झालेल्या. मी सरकारी नोकरीत लागलो तेव्हा त्या माझ्या वरिष्ठ होत्या. टिपणी कशी लिहायची ते त्यांनी शिकवलं. कात्रजला आमच्या सोसायटीमागे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे वस्ती. तिथेच त्यांचं घर. निवृत्तीनंतर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी अभ्यासिका सुरू केली. तलाठी, पोलीस भरती, बँक, राज्यसेवा, सगळ्या परीक्षांची मुलं-मुली तिथे बसतात. पण हल्ली अभ्यास नुसत्या पुस्तकांवर होत नाही. तासही ऑनलाइन आणि सराव परीक्षाही ऑनलाइन. वस्ती खोलगट जागेत, तिथे मोबाइलची रेंज येते आणि जाते. एका प्रश्नाचं उत्तर भरेपर्यंत पडद्यावर चाक फिरत राहतं आणि वेळ संपते.

म्हणून ती मुलं ओढा ओलांडून आमच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून फूटपाथवर बसायची. तिथे रेंज बरी आहे. त्यावर आम्ही पाटी लावली: ‘भिंतीलगत बसू नये. भिंत सोसायटीची आहे.’ मजकूर खजिनदारांचा, आणि तो त्यांनी दोन-चार जणांना कौतुकाने वाचून दाखवला. फूटपाथ कुणाचा आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

अभ्यासिकेने इंटरनेटच्या कनेक्शनसाठी विचारलं तेव्हा कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. म्हणाला, वस्तीत आमची लाइन नाही, पण त्या सोसायटीच्या गच्चीवरून ओढली तर उद्याच चालू करून देतो. बाईंनी मला फोन केला.

“सेक्रेटरीसाहेब, तो कंपनीचा मुलगा उद्या तुमच्या गच्चीवर चढेल. वॉचमनला सांगून ठेवाल का?”

मी म्हणालो, “मॅडम, आधी रीतसर अर्ज करा ना. मी मंजूर करून घेतो.”

“अहो, सगळे नुसतेच टाकून जातात. आमच्यासाठीच अर्ज?”

“उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवायला नको.”

हे मी त्यांच्यासाठी म्हणत नव्हतो. बोट माझ्याकडे दाखवलं जाईल याची मला भीती होती. वस्तीतल्या लोकांना सेक्रेटरीने परस्पर वायर दिली, असं कुणी म्हणू नये म्हणून मला हातात कागद हवा होता. त्या दिवशी मी नुसतं ‘हो’ म्हणालो असतो तर त्या जंजाळातली ती एक वायर आजतागायत कुणाच्या लक्षात आली नसती. गुपचूप टाकणाऱ्याला आमच्याकडे कुणी अडवत नाही. विचारणाऱ्याला अडवतात.

अर्ज आला. नीटनेटका, मुद्देसूद. सभेच्या पत्रिकेत मी तो ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली घातला, म्हणजे पार्किंग आणि कुत्र्यांनंतर. सभा नेहमीसारखी पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. अर्ज वाचेपर्यंत बटाटेवडे आले होते.

“आत्ताच वॉटरप्रूफिंग केलंय गच्चीचं,” एक गृहस्थ म्हणाले.

“वायरने गळतं का हो वॉटरप्रूफिंग?” मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. बाकीचे हसले आणि विषय पुढे सरकला.

“काका, सिक्युरिटी इश्यू आहे हा,” घरून काम करणारा तरुण सभासद म्हणाला. याचं इंटरनेट दहा मिनिटं गेलं की हा मला तीनदा फोन करतो.

खजिनदारांनी चहाचा कप खाली ठेवला. “आज वायर येईल, उद्या वायरीमागून माणसं येतील. आणि त्यांना सरकार सगळं देतंच की.”

‘त्यांना’. हा शब्द आमच्याकडे फार जपून वापरतात. कुणाला, हे बोलायचं नसतं आणि सगळ्यांना कळतं. बाईंनी नोकरीची सगळी वर्षं माझ्याइतकाच आयकर भरला, माझ्यापेक्षा चांगलं काम केलं, हे मला त्या क्षणी मोठ्याने म्हणता आलं असतं. मी वडा खात होतो. एकट्या आजींचा हात अर्जाच्या बाजूने वर होता. मी इतिवृत्तात लिहिलं: ‘सर्वानुमते नामंजूर’.

निरोप द्यायला मी स्वतः गेलो, एवढं तरी केलं. अभ्यासिकेत पंखा चालू होता आणि सगळी मुलं माना खाली घालून बसली होती. खिडकीजवळ एक मुलगी फोन जाळीला टेकवून कोन शोधत होती. ती पूर्वपरीक्षा पास झालेली, मुख्य परीक्षा तोंडावर. बाई मला बाहेर जिन्यात घेऊन आल्या.

“नामंजूर ना? चेहऱ्यावरच जावक क्रमांक पडलाय तुमच्या.”

“मॅडम, मी प्रयत्न...”

“केलात?”

मी नाही म्हणालो. सर्वानुमते लिहिल्याचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. “तुम्हाला टिपणी लिहायला मी शिकवलं,” एवढंच म्हणाल्या. मग त्या मुलीकडे बघून म्हणाल्या, “ही आता पुन्हा तुमच्या भिंतीशी येईल. तिला हाकलायला कोण येणार आहे, तेवढं सांगून ठेवा.”

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. आमचा फ्लॅट ओढ्याच्या बाजूला आहे. ती म्हणाली, “गच्ची सोसायटीची, पण बाल्कनी आपली आहे ना?” वर म्हणाली, “हे तुला अर्ज मागवायच्या आधी नाही सुचलं?”

कंपनीचा माणूस आला. आमच्या बाल्कनीच्या गजांमधून वायर ओढ्यापलीकडे गेली आणि त्याच संध्याकाळी अभ्यासिकेत लाइन चालू झाली. बाईंनी घेतली, पण आभार मानले नाहीत. “ही तुमची मेहेरबानी झाली,” म्हणाल्या. “उद्या तुम्ही फ्लॅट विकलात तर? मला गच्चीवरून हवी, जशी सगळ्यांची आहे तशी. अर्ज मी मागे घेतलेला नाही.” पण त्या मुलीची पहिली सराव परीक्षा मध्येच न तुटता पूर्ण झाली, हे मात्र त्यांनी मुद्दाम फोन करून कळवलं.

वायर दिसताच मला नोटीस आली. माझ्याच सोसायटीची, मला, खजिनदारांच्या सहीने. माझ्या वायरीने इमारतीचं दर्शनी सौंदर्य बिघडतं, ती त्वरित काढावी. इमारतीची ही मागची बाजू आहे. समोर ओढा आहे आणि तो वर्षानुवर्षं तसाच वाहतो. त्याच्या सौंदर्याबद्दल आमच्या सोसायटीने आजवर एक ओळ लिहिलेली नाही. माझ्याच खालच्या दोन मजल्यांवर एसीच्या नळ्या आणि बाहेर काढलेल्या जाळ्या लोंबतात. त्या कुणाला दिसल्या नाहीत. कारण त्या ओढ्यापलीकडे जात नाहीत.

रविवारी विशेष सभा आहे. विषय एकच, माझी वायर. ठराव झाला तर ती कापली जाईल, आणि मुलीची मुख्य परीक्षा अजून व्हायची आहे. मी उत्तराचा मसुदा घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला.

“‘गरीब होतकरू विद्यार्थ्यांकडे सहानुभूतीने पाहून’, हे कशाला? भीक मागायला निघालात का? खोडा.”

मी खोडलं.

“गच्चीवरच्या बाकीच्या वायरींच्या परवानग्या सभेपुढे ठेवाव्यात, एवढं लिहा. आणि मी येतेय रविवारी.”

“मॅडम, तुम्ही सभासद नाही. बसू देणार नाहीत.”

“नाही दिलं तर नाही दिलं. अर्जदार आली होती, तिला बाहेर काढलं, असं इतिवृत्तात लिहा. काढायला कोण उठलं, त्याचं नावही लिहा. आणि तुम्ही त्या वेळी काय करत होतात, तेही लिहा.”