भिंतीपुरता निचरा

घेणे आणि घेता घेता थांबणे यांत अंतर फार थोडे असते. परंतु मनुष्याच्या शीलाची परीक्षा त्या थोडक्या अंतरातच होते. हव्यासी माणूस ओळखू येतो, विरक्तही ओळखू येतो. आवश्यक तेवढेच घेणारा मात्र सहसा दृष्टीस पडत नाही. माझे धाकटे काका अशा मितग्राही माणसांपैकी होते.

त्यांचा व्यवसाय जमिनीखालचा. ज्या इमारतींच्या पायाशी भूजल चढे, त्यांच्या भिंतीलगत ते चर खणत, तळाला उतार देऊन भोके पाडलेला नळ अंथरत, त्याभोवती धुतलेली खडी भरत आणि साचणारे पाणी दूरच्या ओढ्याकडे वळवून देत. वर माती पसरली की काम झाले कुठे, हे पाहणाऱ्याला विचारावेच लागे. गल्लीतली मुले त्यांना 'निचरेकाका' म्हणत. पाहुणे म्हणून कुठेही गेले तरी बसण्यापूर्वी ते यजमानांच्या भिंतीला तळहात लावून बघत, आणि आई हळूच म्हणे, "भावजी, ती नाडी नंतर बघा."

आमचे घर उताराच्या पायथ्याशी होते. मागच्या खोलीचा गिलावा पापुद्र्यांनी सुटे आणि त्याच खोलीत आईचा दमा बळावे. ओलाव्यात राहू नका, असे डॉक्टरांनी तिला बजावले, तेव्हा काकांनी हातातली कामे बाजूला ठेवून त्या भिंतीलगत चर घेतला. वहिनीच्या काळजीपोटी नळ नेहमीपेक्षा खोल बसवला. भिंत सुकू लागली. कितीतरी काळाने आई तिथे पाठ टेकून भाजी निवडत बसली, ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

तोच शेजारच्या धुलाईवाल्या मावशी कुंपणाशी आल्या. लोकांचे कपडे धुऊन त्या संसार चालवीत, आणि सारे धुणे त्यांच्या उथळ विहिरीवर चाले. "भाऊ," त्या म्हणाल्या, "वहिनींची भिंत वाळत घातलीत, पण माझी विहीर पिळून काढलीत हो."

काका विहिरीत वाकून पाहून आले. बादली तळाला खरडत होती. दुसऱ्याच सकाळी त्यांनी बुजवलेला चर स्वहस्ते उकरला आणि नळ हातभर वर घ्यायला सुरुवात केली. आई दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, अशानं ओल परत येईल ना?"

"येईल. खाली हातभर."

"मग मी जाऊ कुठे?"

"वर, माझ्या खोलीत. वहिनी, तुम्हाला मी खोली देऊ शकतो. त्यांना विहीर कुठून आणून देऊ?"

आई रागावली. काही दिवस दिराशी तुटक बोलली, ताटही जरा आदळूनच वाढले. पण अखेर तिचे अंथरूण वर गेले आणि काकांची खाट खाली आली. निचरेकाकांच्याच खोलीला ओल कशी, असे लोक चेष्टेने विचारीत. काका हसत आणि खाट भिंतीपासून थोडी दूर ओढून घेत. शेवटपर्यंत ते त्याच खोलीत राहिले.

आईचा दमा वरच्या कोरड्या हवेत पुष्कळ निवला. ती दीर्घायुषी झाली. आता दोघेही नाहीत. मागच्या भिंतीला खाली हातभर ओल आहे, आणि शेजारी मावशींची सून त्याच विहिरीवर कपडे धुते.